फीटल इको: 'हृदयाची सविस्तर तपासणी करावी' असं रिपोर्टात आलंय

ओंजळ:
काल एकविसावा आठवडा पूर्ण झाला. परवा ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव नीट आहेत ना ते पाहणारी सोनोग्राफी होती. डॉक्टरांनी बाकी सगळं भराभर दाखवलं, पाठीचा कणा, मूत्रपिंडं, पायाची बोटंसुद्धा. छातीपाशी आल्यावर मात्र त्या बोलायच्या थांबल्या. बराच वेळ प्रोब एकाच जागी फिरत राहिला आणि मी छताकडे बघत पडून होते.

रिपोर्टात असं लिहिलंय: हृदयाचे चारही कप्पे दिसतात, खालचा उजवा कप्पा डाव्यापेक्षा किंचित मोठा वाटतो, महाधमनीची कमान बाळाच्या स्थितीमुळे पूर्ण दिसली नाही, फीटल इको (गर्भाच्या हृदयाची सविस्तर सोनोग्राफी) करून घ्यावा.

इकोची तारीख गुरुवारची मिळाली आहे. तोपर्यंत सहा दिवस काढायचे आहेत. आमच्या दोघांच्याही घरात कुणाला जन्मजात हृदयदोष नाही, मला मधुमेह नाही, कुठली औषधं चालू नाहीत. मग हे माझ्याच बाबतीत का? आणि चार कप्पे दिसले म्हणजे हृदय दिसलंच ना? आणखी काय बघायचं उरतं? इतका वेळ सोनोग्राफी केल्याने बाळाला त्रास होतो का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा. इंटरनेटवर वाचायला घेतलं की हात कापायला लागतात.

नीलमोहर:
ओंजळ, मला बाविसाव्या आठवड्यात इको सांगितला होता, कारण हृदयात एक पांढरा ठिपका दिसत होता. तो आत ताणलेल्या बारीक स्नायुदोरीवर असतो आणि कितीतरी निरोगी बाळांमध्ये दिसतो. त्याला हृदयरोग म्हणतच नाहीत, हे मला इकोच्या दिवशी कळलं. तुझं कारण वेगळं आहे, त्यामुळे 'काही नसतं गं' असं मी म्हणणार नाही. पण 'इको करा' म्हणजे 'दोष आहे' असा अर्थ होत नाही, एवढं मात्र नक्की. सहा दिवस इंटरनेट बंद ठेव. इथे विचार.

अनाहत:
मी लहान मुलांचा हृदयरोगतज्ज्ञ आहे, आठवड्यातले दोन दिवस फीटल इको करतो. तुमच्या रिपोर्टवर इथून निदान करणार नाही, ते योग्यही नाही. पण प्रश्नांची उत्तरं देता येतील.

'माझ्याच बाबतीत का?' हा प्रश्न माझ्यासमोर बसलेली जवळपास प्रत्येक आई विचारते. जिवंत जन्मणाऱ्या दर 1000 बाळांपैकी साधारण 8 ते 10 बाळांना हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो. जन्मजात दोषांमध्ये हृदयाचे दोष सर्वांत जास्त आढळतात. आईला गरोदरपणाआधीपासून मधुमेह असणं, आधीच्या बाळाला किंवा आईवडिलांपैकी कुणाला हृदयदोष असणं, पहिल्या तिमाहीत रुबेला होणं, फिट्सची किंवा लिथियमसारखी औषधं, एकाच वारेवर वाढणारी जुळी, अकरा ते चौदा आठवड्यांच्या स्कॅनमध्ये मानेमागची जागा 3.5 मिलिमीटर किंवा जास्त भरणं, या सगळ्यांत इको सांगितला जातो. तरीही हृदयदोष असलेली बहुतेक बाळं अशा आयांच्या पोटी येतात ज्यांच्याकडे यातलं एकही कारण नसतं. म्हणून तर नेहमीच्या स्कॅनमध्ये प्रत्येक बाळाचं हृदय नीट पाहणं महत्त्वाचं. तुमच्या डॉक्टर छातीपाशी थांबल्या, हे त्यांनी चांगलं केलं. तुम्ही काय खाल्लं किंवा काय उचललं याचा याच्याशी संबंध नाही. गर्भधारणेच्या दहाव्या आठवड्यापर्यंत हृदयाची मूळ रचना तयार झालेली असते, अनेकींना तोवर आपण गरोदर आहोत हे जेमतेम कळलेलं असतं.

आता चार कप्प्यांबद्दल. ते दिसणं म्हणजे घराच्या चार खोल्या दिसणं. खोल्या ठीक आहेत, पण त्यांतून निघणाऱ्या नळ्या कुठून निघतात आणि कुठे जातात? शरीराला रक्त नेणारी महाधमनी डाव्या कप्प्यातून निघायला हवी, फुप्फुसांकडे नेणारी फुप्फुस धमनी उजव्यातून, आणि निघताना दोघींनी एकमेकींना ओलांडायला हवं. त्या ओलांडत नसतील, समांतर धावत असतील, तर तो फार गंभीर दोष असतो, आणि त्यात चार कप्पे अगदी नॉर्मल दिसू शकतात.

म्हणून आम्ही पोटाकडून सुरुवात करून एकेक छेद घेत वर मानेकडे जातो. आधी जठर आणि हृदय दोन्ही डावीकडेच आहेत ना ते पाहायचं. मग चार कप्पे: हृदयाने छातीची साधारण एक तृतीयांश जागा व्यापलेली असावी, टोक डावीकडे सुमारे 45 अंशांत वळलेलं असावं, फुप्फुसांतून येणाऱ्या शिरा डाव्या वरच्या कप्प्यात उघडताना दिसाव्यात. मग डाव्या आणि उजव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडण्याच्या वाटा. त्याच्या वर फुप्फुस धमनी, महाधमनी आणि वरची महाशीर एका ओळीत, उतरत्या आकाराने. शेवटी श्वासनळीच्या डावीकडे दोन कमानी मिळून झालेला इंग्रजी व्ही. प्रत्येक पातळीवर रंगीत डॉप्लर लावून रक्त कुठल्या दिशेने जातंय ते पाहायचं. ठोके मोजायचे, मिनिटाला 110 ते 160 च्या आसपास. आणि वरच्या कप्प्याच्या प्रत्येक ठोक्यामागे खालचा कप्पा आकुंचन पावतोय ना, तेही.

त्रासाबद्दल: या ध्वनिलहरी आहेत, यात क्ष-किरण नाहीत. यंत्राची ताकद शक्य तितकी कमी आणि वेळ लागेल तितकाच, हा नियम आम्ही पाळतो. बाळाला दुखत नाही.

ध्वनिरेषा:
मी सोनोलॉजिस्ट, म्हणजे सोनोग्राफी करणारी डॉक्टर. अनाहत यांनी सांगितलं त्यात थोडी भर घालते, कारण 'कमान पूर्ण दिसली नाही' ही ओळ आम्हालाही वारंवार लिहावी लागते आणि लोकांना वाटतं की काहीतरी लपवतायत.

विसाव्या आठवड्यात बाळाचं हृदय आडवं मोजलं तर साधारण दोन सेंटीमीटर भरतं. ते मिनिटाला 140 वेळा धडधडतंय, बाळ स्वतः उलटंपालटं होतंय, आणि मी ते बाहेरून, पोटाच्या सगळ्या थरांतून बघतेय. बाळाची पाठ माझ्याकडे असेल तर कण्याची आणि बरगड्यांची सावली नेमकी हृदयावर पडते. अशा वेळी मी आईला थोडं चालून यायला सांगते, कुशीवर वळवते. तरीही कधी कधी दिसत नाही. तेव्हा 'दिसलं नाही' असं लिहिणं हाच प्रामाणिकपणा. न दिसलेल्याला 'नॉर्मल' लिहिण्याने किती नुकसान होतं ते मी पाहिलंय.

साधारण 18 ते 22 आठवडे हा काळ यासाठी सोयीचा. त्याआधी हृदय फार लहान, तिसाव्या आठवड्यानंतर हाडं घट्ट झालेली आणि हलायला जागा कमी. धोका जास्त असेल तर अनुभवी हात बाराव्या-तेराव्या आठवड्यातही बरंच पाहू शकतात, पण तो स्कॅन नंतर पुन्हा करावाच लागतो.

हे शास्त्र तसं तरुण आहे. 1980 साली लिंडसे ॲलन यांनी लंडनमध्ये गर्भाच्या हृदयाचे सोनोग्राफीत दिसणारे छेद प्रत्यक्ष शरीररचनेशी ताडून दाखवले. माझ्या आईच्या वेळी गर्भाचं हृदय म्हणजे फक्त कानाने ऐकायचा ठोका होता.

दीपमाळ:
वरचं 'चार कप्पे नॉर्मल असू शकतात' हे वाक्य वाचून लिहायला बसलो.

आमच्या मोठ्या मुलाच्या वेळी रिपोर्टात एवढंच होतं: चार कप्पे नॉर्मल. धमन्यांचा उल्लेखच नव्हता. आम्हाला तो असायला हवा हे माहीत नव्हतं. मुलगा जन्मला, रडला, वजन उत्तम. चौथ्या तासाला ओठ निळे दिसायला लागले. ऑक्सिजन लावला तरी फरक पडेना. तिथे बालहृदयरोगतज्ज्ञ नव्हता. फुप्फुस असेल, जंतुसंसर्ग असेल, असं म्हणण्यात आणि गाडी मिळवण्यात रात्र गेली. दुसऱ्या रुग्णालयात पोचल्यावर इको झाला: दोन्ही मोठ्या धमन्यांची अदलाबदल. शरीराचं रक्त शरीरातच फिरत होतं आणि फुप्फुसाचं फुप्फुसातच. दोन वर्तुळं, मध्ये जेमतेम एक फट.

त्यांनी शिरेतून फुगा नेऊन वरच्या दोन कप्प्यांमधली फट मोठी केली. ही पद्धत विल्यम रॅशकिंड यांनी 1966 साली मांडली. नवव्या दिवशी धमन्या कापून योग्य जागी बसवण्याची शस्त्रक्रिया झाली, जी 1975 मध्ये ब्राझीलच्या अदिब जातेने यांनी पहिल्यांदा यशस्वी केली. मुलगा आता सात वर्षांचा आहे, पळतो, सायकल चालवतो. पण त्या रात्रीचे तास मला कुणी परत देणार नाही, आणि त्या तासांत त्याच्या मेंदूला काय सोसावं लागलं असेल हा विचार अजूनही झोप उडवतो. आधी कळलं असतं तर तोच दोष, तीच शस्त्रक्रिया, पण जन्म योग्य इमारतीत झाला असता.

धाकटीच्या वेळी इको करून घेतला. एका भावंडाला दोष असेल तर पुढच्याला शक्यता साधारण 2 ते 3 टक्के असते, असं सांगितलं होतं. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं: ही एक नळी, ही दुसरी, बघा कशी तिला ओलांडून जाते. मी तिथेच रडलो.

ओंजळ, गुरुवारी जाल तेव्हा नुसतं 'ठीक आहे ना?' असं विचारू नका. 'दोन्ही धमन्या ओलांडताना दिसल्या का, कमान दिसली का, शिरा दिसल्या का' असं विचारा.

पाऊलवाट:
मला एक मनापासून विचारायचंय, कुणाला दुखवायचं नाही. पोटात असताना हृदयावर उपचार तर करता येत नाहीत. मग वीस आठवडे आईने काळजीत काढायचे, यापेक्षा जन्मानंतरच कळलेलं बरं नाही का? माझ्या बहिणीने याच कारणाने इको नाकारला होता.

शेवंती:
पाऊलवाट, उपचार करता येत नाहीत असं नाही. माझ्या रक्तात अँटी-आरओ नावाची प्रतिद्रव्यं आहेत. ती वारेतून बाळाकडे जातात आणि हृदयातली ठोके वाहून नेणारी यंत्रणा बिघडवू शकतात. अशा आयांमध्ये पहिल्या खेपेला हा धोका 1 ते 2 टक्केच असतो, पण माझ्या वाट्याला तो आला. चोविसाव्या आठवड्यात मुलाचे ठोके 58 वर आले होते. वरचे कप्पे आपल्या गतीने धावत होते आणि खालचे त्यांचं ऐकत नव्हते. याला ब्लॉक म्हणतात. पूर्ण ब्लॉक झाला की तो परत फिरत नाही. त्याला पेसमेकर आहे.

दुसऱ्या वेळी सोळाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला इको, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आधीपासूनच सुरू. हे औषध पुन्हा ब्लॉक होण्याचं प्रमाण कमी करतं. सव्वीस आठवडे उलटले तेव्हा मी पहिल्यांदा बाळासाठी कपडे घेतले. मुलगी ठीक आहे. मला या प्रतिद्रव्यांचा काहीच त्रास नव्हता, डोळे कोरडे व्हायचे एवढंच. पहिल्या खेपेला इको झाला नसता तर ठोके कमी दिसल्यावर बाळ गुदमरतंय असं समजून घाईने वेळेआधीच सिझेरियन झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

अनाहत:
शेवंती यांच्या मुद्द्याला जोडून. ठोके फार जलद असतील, 220 च्या वर, तर आईला डिगॉक्सिन, फ्लेकेनाइड किंवा सोटॅलॉल दिलं जातं. ते वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि बहुतेकदा लय ताळ्यावर येते. तसे ठोके चालूच राहिले तर हृदय थकतं, बाळाच्या अंगात पाणी साठतं आणि जीव धोक्यात येतो. म्हणजे उपचार बाळावर, पण आईच्या तोंडातून. काही मोजक्या बाळांमध्ये महाधमनीची अरुंद झडप गर्भातच सुईने जाऊन फुग्याने उघडतात. ते जगात थोड्याच ठिकाणी होतं आणि प्रत्येकाला लागू पडत नाही. मधूनमधून एखादा ठोका चुकणं मात्र वेगळं, ते बहुधा आपोआप थांबतं.

पण पाऊलवाट, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर दुसरं आहे. पोटात बाळाची फुप्फुसं श्वासाचं काम करत नाहीत, प्राणवायू वारेतून येतो. म्हणून रक्ताला दोन आडवाटा असतात: वरच्या कप्प्यांमधली झडपेसारखी फट, आणि फुप्फुस धमनी व महाधमनी यांना जोडणारी डक्ट. या आडवाटांमुळे अर्धं हृदय नसलेलं बाळही पोटात छान वाढतं. जन्मानंतर डक्ट बंद व्हायला लागते, बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत. ज्या बाळाचं जगणं त्या डक्टवर अवलंबून आहे ते तेव्हा कोसळतं, कधी घरी गेल्यावर. प्रोस्टाग्लँडिन या औषधाच्या ड्रिपने डक्ट उघडी ठेवता येते. फक्त ती कुणासाठी उघडी ठेवायची हे आधी माहीत हवं. मी इको करतो तो या दोन-तीन दिवसांसाठी.

निशिगंध:
मीही लिहिते. आमच्या बाळाची डावी बाजू वाढलीच नव्हती. विसाव्या आठवड्यात कळलं. तीन टप्प्यांच्या शस्त्रक्रिया समजावून सांगितल्या: पहिली जन्मल्यावर काही दिवसांतच, दुसरी चार ते सहा महिन्यांची असताना, तिसरी दोन ते चार वर्षांच्या दरम्यान, आणि शेवटी शरीरासाठी एकच पंप. कुणी आमच्यावर कुठलाही निर्णय लादला नाही. आम्ही पहिली शस्त्रक्रिया केली. बाळ एकोणीस दिवस होतं.

पाऊलवाट, तुमच्या बहिणीचा निर्णय तिचा होता आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. आम्हाला मात्र ते वीस आठवडे मिळाले याचं मला समाधान आहे. आम्ही त्याच्याशी रोज बोलायचो. तो आला तेव्हा त्या खोलीतल्या प्रत्येकाला तो कोण आहे ते माहीत होतं.

पाऊलवाट:
निशिगंध, तुमचं लिहिणं वाचून काय बोलावं सुचत नाही. मनापासून आभार. बहिणीला हा धागा पाठवते आहे.

ओंजळ:
गुरुवारचा इको झाला. चाळीस मिनिटं लागली. दीपमाळ, तुमचे तिन्ही प्रश्न कागदावर लिहून नेले होते. धमन्या ओलांडताना दिसल्या. फुप्फुसांच्या शिरा योग्य जागी आहेत. पडद्यात मोठं छिद्र नाही. महाधमनीची कमान मात्र डक्ट जिथे जोडली जाते त्याच्या आधी थोडी अरुंद भरते आहे, आणि उजवा कप्पा मोठा आहेच. 'कोआर्क्टेशनची, म्हणजे महाधमनी अरुंद असण्याची शक्यता, खात्री नाही' असं म्हणाले. अठ्ठाविसाव्या आणि चौतिसाव्या आठवड्यात पुन्हा इको. गुणसूत्रांच्या तपासणीबद्दलही बोलले, ती आम्ही करतोय. मला 'आहे' किंवा 'नाही' हवं होतं. 'खात्री नाही' हे घेऊन कसं राहायचं?

अनाहत:
तुमच्या डॉक्टरांनी 'खात्री नाही' म्हटलं कारण या दोषाची पोटात खात्री देताच येत नाही. डक्ट उघडी असताना शरीराच्या खालच्या भागाला रक्त तिच्यातून मिळतं, त्यामुळे कमानीतून कमी रक्त जातं आणि ती बारीक दिसू शकते, दोष नसतानाही. डक्टच्या पेशी कमानीभोवती वेढलेल्या असतील तर डक्ट आकसताना त्या कमानीलाही आवळतात. हे घडणार की नाही ते फक्त जन्मानंतर डक्ट बंद होतानाच कळतं. ज्या बाळांबद्दल आम्ही अशी शंका घेतो त्यांतल्या बऱ्याच जणांना शेवटी काही करावं लागत नाही. उलट, शंका न आलेल्या एखाद्याला ते निघतं.

उजव्या कप्प्याबद्दल: शेवटच्या तिमाहीत तो थोडा मोठा दिसणं नेहमीचं, कारण पोटात उजवी बाजू जास्त काम करते. एकविसाव्या आठवड्यात दोन्ही बाजू साधारण सारख्या असाव्यात, म्हणून तुमच्याकडे लक्ष गेलं.

एक आठवण सगळ्यांसाठीच: इको नॉर्मल आला तरी लहान छिद्रं, वरच्या पडद्यातलं छिद्र, डक्ट नंतर बंद न होणं हे आधी सांगता येत नाही. पोटात त्या दोन्ही वाटा उघड्याच असतात. आणि गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी डक्ट पोटातच आकसू शकते.

ध्वनिरेषा:
ओंजळ, प्रसूती कुठे करायची ते आताच ठरवून ठेव. बालहृदयरोगतज्ज्ञ आणि नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग एकाच ठिकाणी असेल असं बघ. सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये, वरच्या पानावर शंका काय आहे ते दोन ओळींत. रात्री दोन वाजता ड्यूटीवर असणाऱ्या डॉक्टरने आधी ते पान वाचायला हवं. हृदयदोषाची शंका आहे म्हणून आपोआप सिझेरियन लागत नाही, हेही विचारून घे.

ओंजळ:
धागा वर आणतेय.

गुणसूत्रं नॉर्मल आली होती. अठ्ठाविसाव्या आठवड्यात कमान तशीच, चौतिसाव्यातही तशीच. एकोणचाळिसाव्या आठवड्यात नॉर्मल प्रसूती झाली. फाइलचं पहिलं पान ध्वनिरेषा यांनी सांगितलं तसं होतं आणि नर्सने ते सगळ्यांत आधी वाचलं. ड्रिप तयार करून ठेवली होती, लावली नाही. दर काही तासांनी चारही हातापायांचा रक्तदाब, उजव्या हातावर आणि पायावर ऑक्सिजनचा क्लिप. दुसऱ्या दिवशी डक्ट बारीक झाली होती. चौथ्या दिवशी सकाळच्या इकोत ती बंद झालेली दिसली. कमान उघडी आहे, रक्त अडत नाही.

डॉक्टरांनी माझं बोट धरून बाळाच्या जांघेत ठेवलं आणि म्हणाले, दाबू नका, नुसतं थांबा. आधी काहीच लागलं नाही. मग बोटाखाली ठोका आला, आणि लगेच दुसरा.

सहा आठवड्यांनी पुन्हा इको आहे. बाळ आत्ता मांडीवर झोपलंय.